यंत्राची चूक कोणाच्या पदरात पडते? कोकणातील लहान उद्योगांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नियमपालनाची मार्गदर्शिका

१ मे २०१४ रोजी युरोपीय संघाने भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी लागू केली, तेव्हा रत्नागिरी आणि देवगडच्या बागांमध्ये हापूसची तोडणी ऐन भरात होती. पाठवलेल्या मालात फळमाशी सापडणे हे बंदीचे कारण होते. ती २०१५ च्या अखेरपर्यंत राहील असे जाहीर झाले होते. परंतु दरम्यान निर्यातीच्या तपासणीची साखळी सुधारली, फळ ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया आणि मान्यताप्राप्त पॅकहाउसची घडी बसली, आणि जानेवारी २०१५ मध्येच आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला. नियम जाचक होता यात शंका नाही. तरीही पुढच्या हंगामात युरोपात माल पोहोचला तो ज्यांच्याकडे बागेची नोंदणी आणि प्रक्रियेची नोंद होती त्यांचाच, आणि ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांना वाशीच्या बाजारावरच समाधान मानावे लागले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत कोकणातील लहान उद्योगांसमोर आज जो प्रश्न उभा आहे तो याच जातीचा आहे. आंब्याची प्रतवारी करणारा कॅमेरा, होमस्टेच्या चौकशीला उत्तरे देणारा चॅटबॉट, पतसंस्थेत कर्जाची छाननी करणारी प्रणाली, मासळीचा ठाव सांगणारे अ‍ॅप, या सगळ्यांची मागणी वाढते आहे आणि त्यांच्यामागोमाग नियमही येत आहेत. नियम पाळताना धंद्याची गती कशी राखावी आणि कोठे ती जाणूनबुजून कमी करावी, हे ठरवण्याची एक पद्धत पुढे मांडली आहे. ती वकिलाची जागा घेणार नाही. वकिलाकडे कोणता प्रश्न घेऊन जायचे आणि कोणता आपल्या पेढीवरच सोडवायचा, एवढे मात्र तिच्यावरून ठरवता येईल.

कायद्याची आजची स्थिती

भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत सात सूत्रे असून, इतर बाबी समान असतील तर सावधगिरीच्या निर्बंधापेक्षा जबाबदार नवोपक्रमाला प्राधान्य द्यावे, असे त्यांतील एक सूत्र सांगते. ही सूत्रे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या पुष्पक भट्टाचार्य समितीच्या ऑगस्ट २०२५ च्या अहवालावरून घेतलेली आहेत. मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नाहीत, म्हणून ती वाचून सोडून देण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पुढे वाद झाला तर ‘वाजवी काळजी घेतली होती का’ हा प्रश्न याच तत्त्वांच्या उजेडात विचारला जाईल.

खरे बंधन आहे ते डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याचे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली, म्हणजे मे २०२७ पर्यंतचा काळ हाताशी आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा ऐकून मालवणच्या होमस्टे चालकाने झोप गमावण्याचे कारण नाही, कारण दंड ठरवताना उल्लंघनाचे स्वरूप, गांभीर्य, कालावधी आणि नुकसान कमी करण्यासाठी काय केले गेले हे पाहावे, असे कायद्यातच लिहिलेले आहे. काय केले हे दाखवण्याजोगे काही हाती असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. याशिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ कृत्रिम बुद्धिमत्तेचे नावही न घेता तिच्या अनेक वापरांना लागू होतो.

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला असून तो वापरांची जोखमीनुसार विभागणी करतो: काही वापर सरळ निषिद्ध, काही उच्च जोखमीचे, काहींसाठी केवळ पारदर्शकतेची अट, आणि उरलेल्यांसाठी जवळजवळ काहीच नाही. निषिद्ध वापरासाठी दंड साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के इथपर्यंत जातो. गोठवलेली कोळंबी युरोपला पाठवणारा निर्यातदार बिले बनवण्यासाठी चॅटबॉट वापरतो म्हणून तो या कायद्यात सापडत नाही; मात्र रत्नागिरीत किंवा कुडाळात बसून युरोपातील ग्राहकासाठी नोकरभरतीच्या अर्जांची छाननी करणारे सॉफ्टवेअर बनवणारी चार जणांची कंपनी सापडू शकते. युरोपातही तोल अजून हलतोच आहे. उच्च जोखमीच्या अटींच्या तारखा पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला.

पहिले काम: यादी, आणि तिच्यापुढे एक रकाना

आपल्या व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्ता कोठे कोठे वापरली जाते याची यादी करावी. ही यादी मालकाच्या अपेक्षेपेक्षा नेहमी लांब निघते, कारण हिशेब लिहिणारा मुलगा पत्रांचे मसुदे चॅटबॉटकडून करून घेत असतो, जाहिरात बनवणारी मुलगी चित्रे तयार करत असते, आणि सीसीटीव्ही बसवणाऱ्याने चेहरे ओळखण्याची सोय न विचारता सुरू करून ठेवलेली असते. यादी करताना कोणाला रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी यादी खोटी मिळेल.

प्रत्येक वापरापुढे एकच रकाना ठेवावा: यंत्र चुकले तर ती चूक कोणाच्या पदरात पडेल, आणि ती निस्तरता येईल का? चूक आपल्याच पदरात पडत असेल आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त होत असेल, तर त्या वापरावर नियमांचे ओझे जवळजवळ टाकू नये. चूक ग्राहकाच्या पदरात पडत असेल, तर त्याला आधी सांगण्याची आणि भरून देण्याची व्यवस्था हवी. आणि ज्याला यंत्र वापरले जात आहे हे ठाऊकच नाही, ज्याला दुसरा पर्याय नाही, अशा माणसाच्या पदरात चूक पडत असेल, तर तेथे गती कमी करावी आणि निर्णय माणसाच्या हाती ठेवावा. युरोपच्या कायद्याची शंभराहून अधिक कलमे वाचण्याची ताकद लहान उद्योगाकडे नसते, पण त्यामागचे तत्त्व या एका रकान्यात बऱ्यापैकी मावते.

आता हा रकाना वापरून चार ठिकाणी काय निघते ते पाहू.

आंब्याची प्रतवारी: येथे मोकळेपणाने पुढे जावे

वजन, आकार आणि सालीवरील डाग पाहून फळे वेगळी करणारे कॅमेऱ्याचे यंत्र कोणाचीही वैयक्तिक माहिती हाताळत नाही. ते चुकले तर दोनशे ग्रॅमचे फळ अडीचशेच्या पेटीत जाईल, ग्राहक तक्रार करेल आणि आपण पेटी बदलून देऊ. अशा ठिकाणी समित्या, धोरणे, सल्लागार यांवर खर्च करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. येथे एकच खबरदारी पुरेशी आहे: यंत्राला काय दिसत नाही हे लिहून ठेवावे. हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही. साल निर्दोष, रंग सुरेख, आणि फळ कापल्यावर आत पांढुरका स्पंजासारखा गर निघतो. केवळ बाह्य प्रतिमेवर चालणारे यंत्र साका ओळखू शकत नाही, हे माहीत असूनही ‘साकामुक्त, कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासलेला हापूस’ अशी जाहिरात करणारा विक्रेता यंत्राच्या चुकीसाठी जबाबदार धरला जाणार नाही. तो स्वतःच्या खोट्या दाव्यासाठी धरला जाईल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

भौगोलिक मानांकनाचाही येथे संबंध येतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये मानांकन मिळाले. फळाच्या छायाचित्रावरून ते कोठले आहे हे ओळखण्याचा दावा करणारी साधने बाजारात येतील तेव्हा त्यांचा निकाल पुरावा म्हणून स्वीकारू नये. बागेच्या नोंदणीला तो पर्याय ठरत नाही. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र आले म्हणून प्रतवारीच्या शेडमधील अनुभवी बाईंना पहिल्याच हंगामात घरी बसवू नये. यंत्राने कोठे चूक केली हे सांगू शकणारी व्यक्ती तीच असते, आणि ती गेल्यावर यंत्र बरोबर आहे की नाही हे विचारायला कोणी उरत नाही.

होमस्टे आणि चॅटबॉट: बोलण्याची जबाबदारी मालकाचीच

फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने एअर कॅनडा या विमान कंपनीला एका प्रवाशाची भरपाई करण्यास सांगितले, कारण कंपनीच्या चॅटबॉटने त्याला सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट ही वेगळी बाब असून त्याच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, हा कंपनीचा बचाव टिकला नाही. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही. तरी त्यातील तर्क आपल्या ग्राहक आयोगापुढे अगदी परका वाटेल असे मानण्याचे कारण नाही.

समजा, जुलैत येऊ इच्छिणाऱ्या पाहुण्याला मालवणच्या होमस्टेच्या चॅटबॉटने सांगितले की सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या रोज सुटतात. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, पण यंत्राने ते कोठे वाचलेले नाही. पाहुणा येतो, किनाऱ्यावर उभा राहून उधाणलेला समुद्र पाहतो आणि पैसे परत मागतो. हे टाळण्यासाठी चॅटबॉटला मोकळे बोलू देऊ नये. खोल्यांचे दर, वेळा, जेवणाचे प्रकार, रद्द करण्याच्या अटी आणि हंगामी बंद गोष्टी यांचा दोन पानी मजकूर मालकाने स्वतः मराठीत लिहावा, चॅटबॉटला त्यापलीकडचे विचारल्यास ‘मालकांना विचारून कळवतो’ असे म्हणायला शिकवावे, आणि सुरुवातीलाच हे यंत्र बोलत आहे असे सांगावे. ‘एकच खोली उरली आहे’ असे खोटे सांगून घाई करायला लावणे हा प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकाची फसवणूक मानला जातो, मग ते वाक्य माणसाने उच्चारलेले असो की यंत्राने.

जाहिरातीतील कृत्रिम चित्रांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. खिडकीतून समुद्र दिसत नसेल तर दाखवू नये.

ओळखपत्रांचा विषय मात्र गंभीर आहे आणि तो बहुतेक ठिकाणी निष्काळजीपणे हाताळला जातो. पाहुण्याच्या आधारकार्डाचा फोटो व्यवस्थापकाच्या खाजगी फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, वर्षानुवर्षे पडून असतो, आणि आता तोच फोटो ‘यातून नाव-पत्ता भरून दे’ म्हणून चॅटबॉटला दिला जातो. शेवटचे चार अंक तेवढे दाखवणारे मास्क्ड आधार मागावे, फोटो कोणत्या कामासाठी घेतला आणि किती दिवस ठेवणार हे स्वागतकक्षात मराठी आणि इंग्रजीत लावावे, आणि ओळखपत्रे सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकण्यास लेखी मनाई करावी. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन वेगळे आहे. ते पाळायचेच असते, पण त्या नावाखाली सगळ्याच पाहुण्यांची सगळी माहिती कायम साठवण्याचा अधिकार मिळत नाही.

पतसंस्था आणि कर्ज: येथे घाई नको

चारही उदाहरणांत सर्वाधिक काळजी येथे हवी. कर्ज नाकारले गेलेल्या माणसाला यंत्राने आपल्याविषयी काय ठरवले हे कधीच कळत नाही, आणि कोकणातील उत्पन्नाची रीत अशी आहे की बाहेर तयार झालेल्या प्रणालीला ती समजणे कठीण आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या खात्यात जमा शून्य दिसते. बागायतदाराच्या खात्यात मार्च ते मे या काळात वर्षाची कमाई येते आणि पुढे नऊ महिने खर्चच दिसतो. सातबारावर चुलत्या-पुतण्यांची वीस-वीस नावे असतात, त्यामुळे अर्जदाराच्या ‘मालकीची’ जमीन कागदावर नगण्य भरते. मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीत रोख आणून दिलेला पैसा कोठेच नोंदला जात नाही. काजू प्रक्रियेच्या घरगुती युनिटमध्ये काम करणाऱ्या बाईच्या नावावर घरही नसते, पण बचत गटात तिचा एकही हप्ता चुकलेला नसतो. दरमहा पगाराच्या सवयीवर बेतलेली प्रणाली या सगळ्यांना धोकादायक ठरवते. येथे चूक अर्जदाराच्या पदरात पडते, आणि संस्थेच्याही, कारण तिचे सर्वांत प्रामाणिक कर्जदार तिच्या हातून निसटतात.

म्हणून प्रणाली विकत घेण्यापूर्वी एक चाचणी करावी, जिला कोणताही तज्ज्ञ लागत नाही. मागील पाच वर्षांत पूर्ण फेडलेल्या कर्जांची शंभर प्रकरणे निवडावीत, त्यांतील नावे काढून टाकावीत, आणि अर्जाच्या वेळची माहिती प्रणालीला द्यावी. यांपैकी कितींना तिने नकार दिला असता ते मोजावे. मग नकार मिळालेल्यांत मच्छीमार किती, स्त्रिया किती, कोणत्या गावचे किती, हे वेगळे मोजावे. एखाद्या वर्गाचे प्रमाण उठून दिसत असेल, तर विक्रेत्याला कारण विचारावे, आणि ‘मॉडेल गुंतागुंतीचे असल्याने सांगता येत नाही’ असे उत्तर आले तर ती प्रणाली कर्जासाठी घेऊ नये. मी ही चाचणी सुचवली तेव्हा एका विक्रेत्याने ती ‘अशास्त्रीय’ असल्याचे सांगितले होते. शंभर प्रकरणे थोडी आहेत हे खरे, पण शून्यापेक्षा ती शंभरने जास्त आहेत.

प्रणाली घेतलीच, तर ती अर्जांचा क्रम लावण्यापुरती किंवा अपुरी कागदपत्रे शोधण्यापुरती वापरावी आणि नकाराचा निर्णय नेहमी समितीतील नावानिशी माणसाने घ्यावा, कारण मराठीत दोन ओळींत लिहावे, आणि अर्जदाराला फेरविचार मागता यावा. यामागे केवळ सद्भावना नाही. २०२३ च्या अधिनियमानुसार, एखाद्या व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी जी माहिती वापरली जाणार असेल ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खातरी करणे ही माहिती वापरणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे. यंत्राने चुकीच्या माहितीवर निर्णय दिला, हा बचाव तेथे उपयोगी पडत नाही.

मासळीचा ठाव: नियम हेच लहानाचे हत्यार

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून मिळालेल्या समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या आणि हरितद्रव्याच्या माहितीवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांच्या सूचना देते, आणि त्या मराठीतही मिळतात. त्यावर नौकांच्या प्रत्यक्ष फेऱ्यांची माहिती चढवून अधिक नेमका ठाव सांगणारे अ‍ॅप बनवणे ही उघडच आकर्षक कल्पना आहे. केंद्राच्या योजनेतून एक लाख नौकांवर स्थान कळवणारे ट्रान्सपाँडर बसवण्याचे काम हाती घेतलेले असल्याने नौकेचे स्थान नोंदले जाणे यापुढे नवल राहणार नाही.

पण नौकेचे स्थान म्हणजे तांडेलाचे, म्हणजे नौकेच्या म्होरक्याचे, ज्ञान. कोणत्या भरतीला, कोणत्या खडपाजवळ, किती वावावर जाळे टाकायचे हे त्याने बापाकडून शिकलेले असते आणि ते तो रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर कोणाला सांगत नाही. दोनशे लहान नौकांच्या फेऱ्या एका कंपनीकडे जमा झाल्या आणि त्यावर बनलेला अंदाज तिने अवाढव्य जाळ्याने अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या पर्ससीन नौकांना विकला, तर लहान मच्छीमाराने स्वतःच्याच हाताने आपली जागा दाखवून दिल्यासारखे होईल. तंत्र आधी आणि नियम मागून आला की काय होते हे या किनाऱ्याने प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी खेचून घेणाऱ्या मासेमारीत पाहिले आहे: केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, पण तोवर त्या दिव्यांत गुंतवणूक झालेली होती, आणि तो वाद बंदरांवर आजही धुमसतो.

म्हणून सहकारी मच्छीमार संस्थेने अ‍ॅपवाल्याशी करार करताना पुढील गोष्टी आग्रहाने लिहून घ्याव्यात. फेरीची माहिती तांडेलाच्या नावाशी किंवा नौकेच्या क्रमांकाशी जोडून साठवली जाणार नाही. ती किमान काही दिवस उशिरानेच एकत्रित स्वरूपात वापरली जाईल. संस्थेच्या लेखी संमतीशिवाय ती किंवा तिच्यावरून बनवलेला अंदाज तिसऱ्याला विकला जाणार नाही. आणि संस्था बाहेर पडली तर माहिती परत मिळेल व कंपनीकडील प्रत पुसली जाईल. नाव आणि स्थान जोडलेले असेल तेव्हा ती वैयक्तिक माहिती ठरते आणि संमती मुक्त, विशिष्ट आणि सहज मागे घेता येण्याजोगी असावी लागते. ‘अ‍ॅप हवे तर सगळ्या परवानग्या द्या’ ही अट त्या कसोटीवर लंगडी पडते. नियमामुळे व्यवसाय मागे पडतो असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावे. येथे नियम नसेल तर मागे पडणार आहे तो लहान नौकेवाला.

विक्रेत्याला विचारायचे

बहुतेक लहान उद्योग स्वतः काही बनवत नाहीत, विकत घेतात, आणि तरीही ग्राहकासमोरची जबाबदारी कायद्याने त्यांचीच राहते. प्रात्यक्षिक पाहून भारावण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे की आमची माहिती कोठे साठते, तिच्यावर तुम्ही तुमचे मॉडेल शिकवता का, यंत्राने दिलेल्या निकालांची नोंद आम्हाला मिळते का, गळती झाल्यास किती तासांत कळवाल, आणि करार संपल्यावर आमची माहिती साध्या तक्त्यात परत मिळेल का. गळतीचा प्रश्न तातडीचा आहे, कारण नियमांनुसार गळती कळल्यापासून ७२ तासांत डेटा संरक्षण मंडळाला तपशील द्यावा लागतो. विक्रेत्यानेच चौथ्या दिवशी कळवले तर तोवर आपण काहीच करू शकलेलो नसतो. उत्तरे तोंडी घेऊ नयेत. शेवटचा प्रश्न स्पर्धेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, कारण माहिती अडकून पडली की पुढच्या वर्षी दर दुप्पट झाले तरी आपल्याला हलता येत नाही.

विक्रेता लहान असेल, स्थानिक असेल, तर त्याला नुसते अडवू नये. कुडाळच्या दोन अभियंत्यांनी बनवलेली प्रणाली मोठ्या कंपनीच्या प्रणालीइतकी चकचकीत नसेल, पण जूनमधली शून्य जमा का दिसते हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

एक हंगाम समांतर चालवावा, कागद पावसाळ्यात करावेत

नवी प्रणाली पहिल्या हंगामात माणसाच्या निर्णयाबरोबर समांतर चालवावी: यंत्र काय म्हणाले, माणसाने काय केले, आणि शेवटी काय बरोबर ठरले, या तीन गोष्टी एका वहीत लिहाव्यात. आंब्यासाठी मार्च ते मे, होमस्टेसाठी दिवाळी ते होळी, नौकांसाठी नारळी पौर्णिमेपासून डिसेंबरपर्यंत एवढा काळ पुरतो. या काळात नियमपालनाच्या कागदांना हात लावू नये, कारण हंगामात घाईने लिहिलेले धोरण कोणी वाचत नाही. होड्या शाकारून ठेवल्यावर, बागेत पावसाचे पाणी भरल्यावर, वीज असेल त्या दिवशी, वही समोर घेऊन बसावे आणि प्रत्येक वापरापुढच्या रकान्यात काय यावे ते पुन्हा ठरवावे. पहिल्या वर्षी काळजीचा वाटलेला वापर दुसऱ्या वर्षी साधा ठरू शकतो, आणि उलटही घडते.

नियम बनत असताना बोलावे

१ मार्च २०२४ रोजी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सल्लापत्र काढून पुरेशी चाचणी न झालेली मॉडेल्स भारतात उपलब्ध करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी असे म्हटले. नवउद्योगांकडून टीका झाली आणि १५ मार्चला नव्या सल्लापत्राने ती परवानगीची अट काढून टाकली. पंधरवड्यात नियम बदलला तो बोलणाऱ्यांमुळे, आणि बोलणारे बहुतेक महानगरांतले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये हरकतींसाठी खुला होता.

आंबा बागायतदार, होमस्टे चालक आणि मच्छीमार यांच्या संघटनांनी पुढच्या मसुद्याच्या वेळी हरकत पाठवायची असेल, तर ‘नियम जाचक आहे’ असे लिहून उपयोग नाही. कोणत्या कलमामुळे, किती माणसांच्या उद्योगाला, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती रुपये लागतील हे लिहावे, आणि त्या कलमाऐवजी कोणती शब्दरचना चालेल तेही द्यावे. अधिनियमात केंद्राला स्टार्टअपसह काही वर्गांच्या संस्थांना ठरावीक तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार आहे. पाच खोल्यांचा होमस्टे किंवा हजार सभासदांची पतसंस्था स्टार्टअपच्या व्याख्येत बसत नाही, तर तिच्यासाठी सोपा नमुना का नसावा, हा प्रश्न रास्त आहे आणि तो कोकणातूनच विचारला गेला पाहिजे. सोबत वहीतील दोन उदाहरणे जोडावीत: एक यंत्र बरोबर ठरल्याचे आणि एक चुकल्याचे. फक्त पहिले जोडल्यास हरकत जाहिरातीसारखी वाचली जाते.

वही पेढीवर, बिलबुकाच्या शेजारी ठेवावी. कपाटात ठेवल्यास ती लिहिली जात नाही. प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि सही असावी, आणि सही त्या दिवशी निर्णय घेणाऱ्याची असावी, मालकाची नव्हे.